नानांची गोष्ट पुण्यातच का संपते

आमच्या घरातल्या मंडळींना नानांची टेनिसची गोष्ट तोंडपाठ आहे. ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाना म्हणजे माझे सख्खे काका. 1974 साली ते नशिराबादहून पुण्याला शिकायला गेले होते. त्या सप्टेंबरात पुण्यात डेव्हिस कपची भारत विरुद्ध सोव्हिएत युनियन अशी उपांत्य लढत झाली. नानांनी खानावळीच्या पैशातून तिकीट काढलं, उन्हात बसून सामने पाहिले आणि भारत 3-1 ने जिंकल्यावर आजोबांना पोस्टकार्ड टाकलं, "आपण फायनलला."

गोष्ट संपली. उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना आम्ही पोरं विचारायचो, "मग फायनलला काय झालं, नाना?" नाना कूस बदलायचे. "झोपा आता."

मोठा झाल्यावर मी स्वतःच शोधलं. फायनल झालीच नव्हती!

डेव्हिस कप म्हणजे देशादेशांमधली पुरुषांची टेनिस स्पर्धा. 1900 साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या लढतीने सुरू झाली. आपण 1921 पासून तिच्यात आहोत. तेव्हाची रीत अशी, की एक लढत तीन दिवस चालायची. चार एकेरीचे सामने, एक दुहेरीचा, ज्याचे तीन विजय आधी तो पुढे. 1966 साली रामनाथन कृष्णन यांच्या संघाने मेलबर्नला फायनल गाठली आणि ऑस्ट्रेलियाकडून 4-1 ने हार खाल्ली. जिंकलेला तो एक सामना दुहेरीचा. कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब-रोश या जोडीला हरवलं होतं.

1974 चा संघ त्याहून तरुण. विजय अमृतराज विशीतला, थोरला भाऊ आनंद बावीस वर्षांचा. पुण्याच्या आधी या पोरांनी कलकत्त्याला ऑस्ट्रेलियाला 3-2 ने हरवलं होतं. त्या लढतीत एकूण 327 गेम्स झाले. टायब्रेक डेव्हिस कपमध्ये 1989 ला आला, त्यामुळे तोपर्यंत सेट संपता संपत नसे. दुसऱ्या बाजूने इटलीला हरवून फायनलला कोण आलं, तर दक्षिण आफ्रिका.

आता इथे थोडा मागचा इतिहास. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद हा कायदा होता. तिथल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाची तक्रार भारताने 1946 सालीच संयुक्त राष्ट्रांत नेली होती आणि त्याच वर्षी त्या देशाशी व्यापारही तोडला होता. त्यामुळे सरकारचं उत्तर ठरलेलं होतं, खेळायचं नाही. फायनल न खेळताच कप दक्षिण आफ्रिकेला गेला. डेव्हिस कपच्या इतिहासात फायनलचा निकाल असा लागल्याचं ते एकमेव उदाहरण. तोवर हा कप फक्त अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनीच जिंकला होता. पाचवं नाव लागलं ते असं, चेंडू न मारता.

आपण जिंकलोच असतो असं म्हणणं सोपं आहे. ह्युइट-मॅकमिलन ही विम्बल्डन जिंकलेली जोडी त्यांच्याकडे होती, म्हणजे दुहेरीचा सामना काही सोपा नव्हता. पण संधी खरी होती, आणि ती परत तशी आली नाही. 1987 ला आपण पुन्हा फायनलला गेलो. विजय होताच, सोबत रामनाथन यांचा मुलगा रमेश. स्वीडनने गोथेनबर्गला 5-0 ने हरवलं. डेव्हिस कपवर भारताचं नाव आजही नाही.

मला या सगळ्यात आर्थर ॲश आठवतो. त्या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूला दक्षिण आफ्रिकेने आधी व्हिसा नाकारला होता. शेवटी 1973 साली तो जोहान्सबर्गला गेला. प्रेक्षकांना रंगावरून वेगळं बसवायचं नाही अशी अट घालून खेळला आणि ओकरच्या जोडीने दुहेरी जिंकलाही. तो जाऊन लढला, आपण न जाता. कोणाचं बरोबर? खूप दिवस मी यावर मत बनवायचा प्रयत्न केला. आता वाटतं, दोघांचंही. फरक एवढाच की ॲशने स्वतःपुरतं ठरवलं. आपल्याकडे ठरवलं दिल्लीने आणि किंमत मोजली विशीतल्या पोरांनी. त्यांना कोणी विचारल्याचं कुठे वाचनात नाही.

फेब्रुवारी 2017 मध्ये, तब्बल 43 वर्षांनी, डेव्हिस कपची लढत परत पुण्यात आली. बालेवाडीला, न्यूझीलंडविरुद्ध. मी नानांना घेऊन गेलो. कोर्टाच्या कडेला भारताचा कर्णधार म्हणून कोण बसलेलं, तर आनंद अमृतराज! कर्णधार म्हणून ती त्यांची शेवटची लढत. नाना बराच वेळ खेळाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होते. "केस पार पांढरे झाले रे याचे," म्हणाले. स्वतःच्या डोक्यावर काही उरलेलं नाही, ते सोडा.

आपण 4-1 ने जिंकलो. रात्री परतीच्या गाडीत, मनमाड गेल्यावर, नाना आपणहून बोलले. फायनल होणार नाही हे कळल्यावर त्यांनी आजोबांना दुसरं कार्ड टाकलं होतं. खूप चिडून. आपला कप सरकारने घालवला, वगैरे.

"मग?"

"मग तात्यांचं उत्तर आलं. काबरं चिडतो? माणसाला माणूस मानत नाहीत त्यांच्याशी नाही खेळले, चांगलं केलं. पण आपल्याकडचे पाणवठे अजून वेगळे आहेत, त्याचं काय करतो ते लिही."

"तुम्ही काय लिहिलं?"

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. "काहीच नाही लिहिलं. म्हणून तर गोष्ट पुण्यात संपवायचो."

भादली गेलं तेव्हा अजून अंधारच होता. मी पुढे काही विचारलं नाही.