कानाने पाहावयाचे गाव

दिवाळीच्या सुटीत कोकणच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मराठी कुटुंबाचा एक ठरलेला क्रम असतो. आधी समुद्र, मग देऊळ, मग खानावळीतील जेवण व सोलकढी, आणि उन्हे कलली की जवळचा किल्ला. किल्ल्यावर मुले तोफेवर चढून बसतात, वडीलधारी मंडळी बुरुजाची सावली धरतात, आणि कोणीतरी विचारते, "हा बांधला कोणी?" उत्तर बहुधा 'शिवाजीमहाराजांनी' असे येते. कुंडलिका नदीच्या मुखाशी मात्र ते उत्तर चुकते. पण ते चुकले हे सांगावयास तेथे कोणी नसते. आणि दगड काही आपण होऊन बोलत नाहीत.

दगडांच्या वतीने बोलणारा आवाज प्रवाशाच्या कानाशी आणून ठेवण्याची युक्ती तशी जुनी आहे. १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात ध्वनिफितीवर मुद्रित केलेली व्याख्याने बिनतारी लहरींनी दालनांत सोडण्यात आली, आणि प्रेक्षक कानाला यंत्र लावून ती निरनिराळ्या भाषांत ऐकू लागले. गैरसोय एवढीच होती की साऱ्यांना एका वेळी एकच ऐकावे लागे. चित्रापुढे जरा अधिक रेंगाळावे म्हटले तर आवाज पुढे निघून जाई. आता ते काम खिशातील फोन करतो. आपण कोठे उभे आहोत हे ओळखून तो त्या जागेची हकीगत सुरू करतो, आणि आपण थांबलो की थांबतो. आडगावी जावयाचे तर ती ध्वनिमुद्रणे घरूनच फोनमध्ये उतरवून न्यावीत, म्हणजे झाले.

असा आवाज कानाशी घेऊन आपण कुंडलिकेच्या मुखाशी जाऊन उभे राहू. उत्तर तीरावर रेवदंडा आणि त्याला लागून चौल. दक्षिण तीरावर समुद्रात शिरलेला एक चिंचोळा डोंगर, त्यावर किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी कोर्लई. येथे त्या आवाजाने काय सांगावे?

आधी त्याने चौलचे वय सांगावे. ग्रीक खलाशांना हे बंदर ठाऊक होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचे नाव 'चेमुल' असे आले आहे. अरब व्यापारी त्याला 'सैमूर' म्हणत, आणि दहाव्या शतकाच्या प्रारंभी अल्-मसूदी येथे येऊन गेला होता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी विकावयाचा घोडा बरोबर घेऊन चौलला उतरला. येथली माणसे उघड्या डोक्याने वावरतात याचे त्याला नवल वाटले. आणि आपण जावे तेथे लोक मागोमाग येतात, गोरा माणूस म्हणून टकमक पाहतात, हेही त्याने लिहून ठेवले. पुढे जुन्नरला तेथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला, तेव्हा तो सोडवताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. आज रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आहे. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या सुमारे पाव शतक आधी हा माणूस येथे येऊन गेला, एवढे आवाजाने त्या दगडापाशी सांगितले तरी पुष्कळ झाले.

मग पोर्तुगीज आले. १५०८ साली चौलच्या पाण्यातच त्यांच्यावर इजिप्त आणि गुजरात यांचे संयुक्त आरमार तुटून पडले, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा दों लोरेन्सु द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. तरीही १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाकडून त्यांनी रेवदंड्यास किल्ला बांधण्याची परवानगी मिळवली, आणि बघता बघता तेथे तटबंदीचे शहर उभे राहिले. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्या शहराला वेढा घातला. शहर पडले नाही. १६८३ मध्ये संभाजीराजांच्या सैन्यानेही वेढा दिला. तेव्हाही ते टिकले. आज त्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, वहिवाटीचे रस्ते आहेत, वाळत घातलेली धुणी आहेत. आणि झाडांच्या शेंड्यांवर डोके काढून फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा एकटा मनोरा उभा आहे. लोक त्याला 'सातखणी' म्हणतात. गावात बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनास्थळ आहे, चौलला रामेश्वराचे देऊळ आणि त्यापुढील पुष्करिणी आहे, डोंगरावर हिंगलाज देवी आहे. बंदर भरभराटीत असले म्हणजे देवही नाना देशींचे येतात!

आता खाडी ओलांडू. पलीकडचा डोंगर ज्याच्या हाती तो रेवदंड्याचा स्वामी, हे निजामशहाने ओळखले होते. म्हणून १५९४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने कोर्लईवर मजबूत ठाणे घातले, आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी ते हल्ला करून घेतले. गर्दीत मेलेला घोडा एका दरवाजात आणि हत्ती दुसऱ्यात पडला, दरवाजे लावता येईनात, आणि शत्रू आत शिरला, अशी त्या लढाईची हकीगत सांगतात. आजचा किल्ला डोंगराच्या कण्यावरून लांबच लांब पसरलेला आहे. आडव्या भिंतींनी त्याचे एकामागे एक कप्पे केले आहेत, म्हणजे एक पडला तरी दुसरा लढवता यावा. माथ्यावर बिनछपराचे चर्च आहे, आणि दारांवर पोर्तुगीज भाषेतील शिलालेख आहेत.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. नव्या धन्याने बुरुजांची नावे बदलली; सान दियागोचा गणेश बुरूज झाला. निशाण बदलले, शिबंदी बदलली, पोर्तुगीज अधिकारी आपली चीजवस्त घेऊन निघून गेले. पाठ्यपुस्तकातला इतिहास येथे संपतो. पोर्तुगीज निशाणाखाली तोफा हाकणारे, ओझी वाहणारे, होड्या वल्हवणारे जे गरीब ख्रिस्ती लोक डोंगराच्या पायथ्याशी राहत होते, त्यांचे पुढे काय झाले, हे ते पुस्तक सांगत नाही.

ते तेथेच राहिले. आणि ते घरात जी भाषा बोलत होते, तीही राहिली. कोर्लईतील ही ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगिजातून उपजलेली एक मिश्र बोली बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात. अर्थ एवढाच, की 'आमची भाषा'. धर्माने शेजाऱ्यांपासून वेगळे, आणि राज्य गेल्यामुळे पोर्तुगिजांपासून तुटलेले, अशा एका लहानशा वस्तीने ती पावणेतीनशेहून अधिक वर्षे तोंडोतोंडी जतन केली. तिला ग्रंथ नाहीत आणि शाळा नाही. शब्द बहुतेक पोर्तुगीज वळणाचे आहेत. पण वाक्य ऐकावे तर क्रियापद शेवटी येते, अगदी आपल्या मराठीसारखे. खुद्द पोर्तुगिजात ते मध्ये येते. म्हणजे मराठी शेजारणींशी विहिरीवर आणि बाजारात बोलता बोलता या भाषेने आपली चालच बदलली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली या बोलीवर एक सबंध ग्रंथ लिहिला.

देवघेव एकतर्फी झाली नाही. दिवाळीचा पगार मोजताना, बटाट्याचा चिवडा करताना, त्यात काजू टाकताना, अंगणात सडा घालण्यासाठी बादली उचलताना आणि रात्री दाराची चावी शोधताना आपण मराठी माणसे पोर्तुगीज शब्दच वापरीत असतो, आणि त्याचा आपल्याला पत्ताही नसतो. 'नो लिंग' ही अशी आपल्या भाषेची लांबची आतेबहीण आहे.

तिच्या सख्ख्या बहिणी मात्र आता फार उरल्या नाहीत. वसई-मुंबईच्या बाजूला अशीच एक बोली होती. ती बोलणारे आता कोणी नाही. कोर्लईची बोली बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. मुले मराठी शाळेत जातात, तरुण मुंबईस नोकरीला जातात, आणि नोकरीच्या गावी या भाषेचा उपयोग काय? तट ढासळला तर त्याचे दगड निदान जागेवर पडून राहतात, पुन्हा रचता येतात. शेवटचा बोलणारा गेला की भाषेचे असे काहीच मागे राहत नाही.

म्हणून कुंडलिकेच्या मुखाशी घुमणाऱ्या त्या आवाजाविषयी माझे मागणे आहे. त्याने सनावळी जरूर सांगावी. १५२१, १५९४, १७४० ही साले मुलांना कळली पाहिजेत. पण डोंगर उतरून गावाशी येताच त्याने स्वतः गप्प व्हावे, आणि गावातल्याच एखाद्या आजीला तिच्या भाषेत बोलू द्यावे. मासळी कशी खारवावी, नाताळात काय रांधावे, समुद्र खवळणार हे कशावरून ओळखावे, असे साधेसुधे काहीही चालेल. मागाहून मराठीत अर्थ सांगितला म्हणजे झाले. मात्र ते बोलणे आजीच्या राजीखुशीने मुद्रित झालेले असावे, आणि त्यापासून चार पैसे मिळाले तर ते गावाला मिळावेत. असा आवाज असला म्हणजे पाहुण्यांना लोकांच्या ओसरीवर डोकावून 'जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा' असे म्हणावे लागणार नाही. माणसे काही संग्रहालयातील वस्तू नव्हेत.

याचा खरा लाभ पाहुण्यांपेक्षा गावातल्या मुलांना होईल. दूरदूरची माणसे पदरचे पैसे खर्चून येतात आणि आपल्या आजीचे बोलणे कान देऊन ऐकतात, हे ज्या पोराने पाहिले, त्याला ते बोलणे गावंढळ वाटणार नाही. भाषा सरकारी फर्मानाने जगत नाही. आपल्या घरचे बोलणे ऐकण्याजोगे आहे, एवढी खात्री मुलांना पटली तर ती आणखी एक पिढी तग धरते.

यंदाच्या सुटीत कोर्लईस जाणे झाले, तर वाचकहो, किल्ला अवश्य पाहावा. माथ्यावरून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसतो, तो देखावा चुकवू नये. पण उतरताना कानांतले यंत्र काढून ठेवावे आणि गावातून सावकाश चालावे. एखाद्या दारातून आई मुलाला जेवावयास हाक मारीत असेल. ती हाक आपल्याला अर्धी कळेल आणि अर्धी कळणार नाही. मूल मात्र ती ऐकून धावत घरात जाईल.