तळटीप १४ : ‘थव्यातली उडी’
१४. थव्यातली उडी : विंगसूट घातलेल्या अनेकांनी विमानातून उड्या घेऊन, नेमलेल्या जागा धरून एकत्र उडणे. विंगसूट म्हणजे हात आणि धड यांच्यामध्ये व दोन्ही पायांमध्ये कापडी पंख शिवलेला पोशाख. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या पॅट्रिक द गेयार्दाँने त्याला आजचे रूप दिले. १९९८ मध्ये उडी घेतानाच तो गेला. मजकुरातला ‘मोठा सूट’, ‘लहान सूट’ हा भेद इथे कळीचा आहे. मोठा सूट सावकाश उतरतो, लहान झपाट्याने. उडणारा वजनदार असेल तर आणखी झपाट्याने. म्हणून म्होरक्या मधला वेग धरतो. मोठ्या सूटवाला हात जरा आवळून, गुडघे किंचित दुमडून पंख लहान करतो. लहान सूटवाल्याला हातपाय शेवटपर्यंत ताणून धरावे लागतात. थव्याचे खरे कसब हेच. लेखकाने दिलेली उपमा उजनी जलाशयावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पट्टकादंबांची आहे. सोलापूरकराला ती सहज सुचावी. मात्र त्या पक्ष्यांचे पंख एकसारखे असतात. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात १०० जणांनी असा थवा साधला. अमेरिकी पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार पहिल्या विंगसूट उडीआधी किमान २०० साध्या उड्या झालेल्या असाव्या लागतात.