शिंगाची राख आणि मोपेडची पिन

भोसरीत माझी हीट ट्रीटमेंटची शेड होती. आसपासच्या लेथवाल्यांकडून पिना, बुश, छोटी गिअरं पोत्यात भरून यायची. माल कमी कार्बनच्या पोलादाचा. तसाच मोपेडला बसवला तर घासून जाणार. अधिक कार्बनचं पोलाद घेऊन अख्खा जॉब कडक करावा, तर धक्क्याला काचेसारखा तुटणार. म्हणून वरची मिलिमीटरभर कातडी तेवढी कडक करायची आणि पोट मऊ ठेवायचं. हेच केस हार्डनिंग.

सुरुवातीची आमची रीत डब्याची होती. लोखंडी डब्यात बेरियम कार्बोनेट लावलेल्या कोळशाचा थर, त्यावर एकमेकींना न टेकवता पिना, पुन्हा कोळसा. झाकणाची फट फायरक्लेने लिंपायची आणि डबा सव्वानऊशे अंशांच्या भट्टीत सरकवायचा. आत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्यातला कार्बन पोलादात मुरतो. झाकणाच्या भोकातून एक सळी खुपसलेली असे. ती मध्येच ओढून पाण्यात विझवायची, घणाने मोडायची आणि तुटलेलं तोंड बघायचं. कडेची बारीक कणांची राखी पट्टी किती रुंद झाली, यावर डबा काढायचा की ठेवायचा हे ठरे. "खोली दुप्पट करा, दुप्पट वेळ ठेवा," असं लेथवाले सहज सांगायचे. पण कार्बन जसा आत जातो तसा मंदावतो. दुप्पट खोलीला वेळ चौपट लागतो, आणि डिझेलचं बिलही.

आम्हाला ही विद्या साहेबाच्या कारखान्यांतून आल्यासारखी वाटे. पण सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तलवारीच्या प्रकरणात एक लेप दिला आहे: रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मषी, पारव्याची आणि उंदराची विष्ठा. शस्त्राला तेल चोळून हा लेप लावावा, मग पाणी द्यावं. धार दगडावरही बोथट होत नाही, असा दावा. तिकडे युरोपात बाराव्या शतकातला थिओफिलस हा कारागीर संन्यासी कानशी कडक करायची कृती सांगतो. बैलाचं शिंग जाळून त्यात मीठ मिसळायचं, तापल्या कानशीवर भुरभुरायचं आणि पाण्यात विझवायचं. लहान कानशींना तो डुकराची चरबी चोळतो, वर बोकडाच्या कातड्याच्या पट्ट्या गुंडाळतो आणि मातीने लिंपून भट्टीत घालतो. म्हणजे आमचा डबाच, फक्त मातीचा.

शिंग, कातडं, विष्ठा ही यादी जादूटोण्याची वाटते, पण या सगळ्यांत कार्बनबरोबर नायट्रोजनही असतो, आणि दोन्ही मिळून पोलादाची कातडी अधिक कडक होते. लेप थोडक्या वेळात कितीसा मुरत असेल, याबद्दल मी साशंक आहे. सामानाची निवड मात्र अडाण्याची नव्हे. 1722 साली फ्रान्समध्ये रेओमुर या शास्त्रज्ञाने काजळी, कोळसा, राख, मीठ यांची मिश्रणं पद्धतशीर तपासून छापली, तोवर बहुतेक कारागीर आपली पुडी लपवूनच ठेवत.

पुढे शिंगं आणि खुरं पोटॅश आणि लोखंडाबरोबर भाजून पिवळं प्रुशिएट बनू लागलं. लालभडक जॉबवर त्याची पूड टाकायची आणि पाण्यात बुडवायचा. मग आली सायनाइडची भट्टी: वितळलेल्या मिठात पिना तारेला बांधून सोडायच्या, तासाभराच्या आत काम. आम्हीही ती बसवली. तिथे मी दोन गोष्टींवर कडक होतो. ओली वस्तू भट्टीवर न्यायची नाही, कारण पाण्याची वाफ होऊन वितळलेलं मीठ अंगावर उडतं. आणि ॲसिडचा कॅन त्या खोलीत यायचा नाही, कारण सायनाइडला ॲसिड लागलं की जीवघेणा वायू सुटतो. आता बहुतेक जण गॅसच्या भट्टीकडे वळले आहेत. शिंगातून मिळणारा नायट्रोजन अमोनियाच्या सिलिंडरमधून येतो.

या सगळ्यात खरा बदल मोजमापाचा झाला. लोहार तापमान रंगावरून जोखायचा; शेड अंधारी ठेवायचा ती उगाच नव्हे. उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि जॉब जास्त तापतो. तो अंदाज थर्मोकपलने संपवला. कडकपणासाठी अमेरिकेत ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी बेअरिंगच्या कड्या तपासायला यंत्र काढलं. पेटंटचा अर्ज 1914 चा, मंजुरी 1919 ची. त्यानंतर आकड्याशिवाय कोणी बोलेना. एका कंपनीच्या इन्स्पेक्टरने आमच्या सायनाइड केलेल्या पिना रॉकवेल सी वर लावून परत पाठवल्या: मऊ आहेत! सी स्केलला हिऱ्याच्या टोकावर दीडशे किलोचा भार पडतो. सायनाइडच्या पातळ कातडीतून ते टोक आरपार मऊ पोटात शिरतं आणि आकडा पोटाचा येतो. तिथे हलक्या भाराचं स्केल लावायला हवं. मी पिना घेऊन गेलो आणि त्याच्यासमोर नवी कानस घासली. कानस घसरली, पिनेवर ओरखडा नाही. माल पास झाला, पण शेरा लिहिताना त्याने कानशीचा उल्लेख टाळला. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.