शाई गेली, चित्रं राहिली

नारायण पेठेतल्या आमच्या घरात खळ शिजल्याचा वास कायम असे. मैद्याची खळ, आणि कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद. वडील बाइंडर. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा बांधणीला आलेलं एक जाडजूड पुस्तक खालच्या खोलीत होतं. पानोपानी चिकटवलेली नदीकाठची तपकिरी छायाचित्रं, त्यांखाली शाईने ठिकाणांची नावं. मी नऊ वर्षांची होते. पूर ओसरल्यावर वडिलांनी ते चिखलातून काढलं. खळ विरघळून चित्रं सुटी झालेली, नावं पार धुऊन गेलेली. चित्रं मात्र शाबूत! पुस्तकाचे मालक पुढे कधी आलेच नाहीत.

चित्रं कशी वाचली ते मला स्वतः जुने कागद दुरुस्त करू लागल्यावर उमगलं. ती चित्रं जन्मालाच पाण्यात आली होती. त्या काळी काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतून ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत चित्र उमटवून घ्यायचं. आपल्या उन्हात जेमतेम काही मिनिटं मिळत. म्हणून फोटोग्राफरबरोबर काळा तंबू, काचांच्या पेट्या आणि पाणी हवंच. नदीकाठची जुनी चित्रं इतकी आढळतात, त्यामागे हेही कारण असावं असं मला वाटतं. मग अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर उन्हात छाप घ्यायचा, हायपोत पक्का करायचा आणि भरपूर पाण्यात धुवायचा. धुण्यात कसर राहिली की चित्र विटलंच.

चित्रं चिकटवलेली अशी पुस्तकं तेव्हा निघत. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यातले एक नामवंत छायाचित्रकार. १८५६ ते १८५८ या काळात तिथून निघालेल्या 'इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम'च्या अंकांत खरी छायाचित्रं चिकटवलेली असत. प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक चित्र वेगळं छापायचं. मग प्रती निघणार किती? जॉन थॉमसनचं चीनमधल्या मिन नदीचं पुस्तक १८७३ मध्ये निघालं, त्यात ८० चित्रं, प्रती अवघ्या ४६. ती चित्रं कार्बन छपाईची, चांदी नसलेली, म्हणून विटत नाहीत. आमची चांदीची, तरीही एवढी टिकली, याचं मला अप्रूप आहे.

नावं गेल्यावर चित्रं वाचायला शिकावं लागलं. एका चित्रात जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० मध्ये झालेला पुण्यातला मुळा-मुठेवरचा बंधारा आहे, पण शेजारचा फिट्झगेराल्ड पूल नाही. त्या पुलाचं काम १८६७ चं. म्हणजे चित्र मधल्या सतरा वर्षांतलं. दुसऱ्यात वाळवंटात पुंडलिकाचं देऊळ, म्हणजे भीमेकाठचं पंढरपूर. मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं, भीमा कृष्णेला. चित्रं काढणारा त्याच वाटेने खाली उतरत गेला असणार.

एक घाट मात्र जुळत नाही. पायऱ्यांवर धुणं वाळतंय, मागे देवळाचं शिखर. वाटेतली कितीतरी गावं १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाखाली गेली. मे महिन्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. ते चित्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मी दर उन्हाळ्यात तिथे जाते आणि उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजते.