एका बदनाम औषधाची दुसरी कसोटी

औषधांनाहि चरित्र असतें. क्लायोक्विनॉल या औषधाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवतों, तें एवढ्याचसाठीं कीं, ज्या गुणानें त्याचा अपराध उघडकीस आणला त्याच गुणावर पुढें अनेकांची आशा जडली.

१९३४ सालीं तें पोटाच्या विकारांवरील गोळी म्हणून प्रचारांत आलें. आपल्याकडील जुन्या पिढीस एंटरोव्हायोफॉर्म हें नांव ठाऊक असेलच. परंतु १९५५ च्या सुमारापासून जपानांत एक विचित्र व्याधि दिसूं लागली. पाय बधिर होत, चालणें खुंटे, कित्येकांची दृष्टि जाई. सुमारें १०,००० माणसें तिनें ग्रासलीं. हा सांसर्गिक रोग असावा अशी पुष्कळांची समजूत होती. मात्र कित्येक रोग्यांची जीभ व लघवी हिरवी दिसे. १९७० सालीं त्या हिरव्या रंगाचें पृथक्करण झालें, तेव्हां तो क्लायोक्विनॉल व लोह यांच्या संयोगाचा निघाला. सप्टेंबरांत तेथील सरकारनें औषधाची विक्री थांबविली, आणि नवे रोगी जवळजवळ दिसेनासे झाले.

धातूंस कवटाळण्याचा हा गुण पुढें एका निराळ्याच रोगाच्या संशोधकांस हवासा वाटला. जर्मन वैद्य अल्झायमर यांनीं १९०६ सालीं एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीच्या मेंदूंतील गाठींचें वर्णन केलें होतें. त्या गाठींतील प्रथिन १९८४-८५ सालीं ओळखलें गेलें. आणि १९९४ सालीं अॅशली बुश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, जस्ताच्या सान्निध्यांत त्याच्या झपाट्यानें गुठळ्या होतात. मग तो धातु प्रथिनापासून सोडविणारा लहानसा रेणु रोग्यास दिला तर? २००१ सालीं उंदरांवर क्लायोक्विनॉलचा प्रयोग झाला; नऊ आठवड्यांत त्यांच्या मेंदूंतील हा सांठा जवळजवळ निम्मा उतरला.

माणसांच्या बाबतींत गोष्ट इतकी सोपी नव्हती. २००३ सालच्या ३६ रोग्यांवरील चांचणींत लाभ दिसला तो अधिक आजारी असलेल्यांपुरता. पीबीटी-२ या सुधारलेल्या रेणूनें २००८ सालीं आशा दाखविली; पण २०१४ सालच्या निकालांत, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांहून त्याच्या रोग्यांच्या गाठी विशेष कमी झालेल्या आढळल्या नाहींत. २०२४ सालीं तर लोह हरण करणारें डेफेरिप्रोन घेतलेल्यांची बुद्धि अधिक वेगानें ढासळल्याचें प्रसिद्ध झालें.

जस्त, तांबें, लोह हे मेंदूचे शत्रु नव्हेत. त्यांवांचून त्याचा व्यवहारच चालत नाहीं. घरांतील वडील माणूस आपलें नांव विसरूं लागलें म्हणजे कोणत्याहि गोळीवर विश्वास टाकावासा वाटतो, हें आम्ही जाणतों. परंतु जपानांतील त्या माणसांनींहि पोटाची साधी गोळी विश्वासानेंच घेतली होती. आशा अवश्य धरावी. मात्र पुरतें मोजमाप होण्यापूर्वीं ती कोणास विकूं नये.