शौचकूपाचें झाकण

ज्या विषयाचा उच्चार चारचौघांत करणें शिष्टसंमत मानलें जात नाहीं, त्यालाही इतिहास असतो. किंबहुना समाजाचें अंतरंग अशाच विषयांत अधिक स्पष्ट दिसतें. अलीकडे नागपुरांतील सुखवस्तु कुटुंबें जुनें घर नवें करूं लागलीं म्हणजे शौचकूपास आपोआप उघडणारें व मिटणारें झाकण बसविण्याचा विचार निघूं लागला आहे. माणूस जवळ आल्याची चाहूल अदृश्य किरणांनीं घेऊन एक लहानसें यंत्र विजेची मोटर फिरवितें, झाकण वर होतें. माणूस दूर गेला कीं थोड्या वेळानें तें अलगद खालीं येतें. हात कोठेंच लावावा लागत नाहीं. हा हात न लावण्याचा सोस आमच्या समाजांत किती जुना आहे आणि त्याची किंमत आजवर कोणीं दिली, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

प्रथम भाषेचीच साक्ष घेऊं. 'शौच' म्हणजे शुद्धता. जुन्या मराठींतला 'शेतखाना' हा शब्दही शेतापासून निघालेला नसून आरोग्यवाचक 'सिहत' या अरबी शब्दापासून आलेला आहे. 'परसाकडे जाणें', 'बहिर्दिशेस जाणें' हे वाक्प्रचार सांगतात कीं, दूरचें अंतर हेंच आमचें पहिलें झाकण होतें. शहरें दाट झालीं तेव्हां तें अंतर उरलें नाहीं. मग घराच्या मागील अंगास पाटीचा संडास आला आणि मागच्याच बाजूनें ती पाटी उचलून नेणारा माणूस आला. घरांतील मंडळींनीं मैल्यास हात लावावयाचा नाहीं, यासाठीं दुसऱ्या कोणीतरी तो रोज लावावयाचा, आणि लावला म्हणून त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिवावयाचें नाहीं! अशी ही व्यवस्था होती. नागपूरची नगरपालिका १८६४ सालीं स्थापन झाली. १८७० च्या सुमारास आंबाझरी तलावाचें पाणी शहरास मिळूं लागलें. घरांत येणारें पाणी नळानें येऊं लागलें, पण घरांतून जाणारा मैला मात्र, देशांतील इतर शहरांप्रमाणें, कित्येक दशकें माणसाच्या डोक्यावरूनच जात राहिला.

मैला वाहण्यास माणसाऐवजीं पाणी वापरण्याची युक्ति त्यापूर्वींच इंग्लंडांत निघाली होती. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपाच्या भांड्याखालील नळीस बांक देण्याच्या कल्पनेचें पेटंट घेतलें. त्या बांकांत थोडें पाणी अडून राहतें आणि गटारांतली दुर्गंधी तें वर येऊं देत नाहीं. आमच्या मतें या विषयांतील सर्वांत मोठा शोध हाच होय. पाण्याच्या या झाकणास यंत्र लागत नाहीं, वीज लागत नाहीं आणि हातही लागत नाहीं. मात्र त्याला भरपूर पाणी व भुयारी गटारें हवींत. जेथें तीं नव्हतीं तेथें पाटीच चालू राहिली.

पाणी आणि गटारें नसलेल्या खेड्यासाठीं मातीचें झाकण सुचविणारे लोक नागपुराच्या शेजारींच होते. वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें महात्मा गांधी १९३६ सालीं राहावयास आले. त्यांच्या आश्रमीय शिस्तींत मैला मातीनें झांकणें व आपली सफाई आपण करणें हें प्रत्येकाचें काम होतें. १९४६ पासून विनोबांनीं पवनारहून जवळच्या सुरगांवीं पायीं जाऊन गांवसफाईचा नेम कित्येक महिने चालविला. कोकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ च्या डिसेंबरांत रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस मिळावें यासाठीं अन्न कमी केलें, तेव्हां येरवड्याच्या तुरुंगांतून गांधींनीं पाठिंब्यादाखल उपवास आरंभिला. मैल्याचें सोनखत व्हावें म्हणून अप्पासाहेबांनीं पुढें कणकवलीजवळ 'गोपुरी संडास' रूढ केला. हे प्रयत्न थोर खरेच, तथापि डॉ. आंबेडकरांनीं १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यावर घेतलेला आक्षेप विसरतां येणार नाहीं. जें काम जन्मामुळेंच एखाद्याच्या गळ्यांत पडतें, त्याची थोरवी गाणें म्हणजे त्याला त्याच कामांत अडकवून ठेवणें होय, असा त्या आक्षेपाचा आशय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं याच नागपुरांत त्यांनीं लाखों अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हां जन्मावरून काम ठरविणाऱ्या व्यवस्थेशींच त्यांनीं नातें तोडलें.

पुढील इतिहास संस्थांचा व कायद्यांचा आहे. सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था १९५८ सालीं नागपुरांतच उभी राहिली. १९७४ पासून ती 'नीरी' या नांवानें ओळखली जाते. मैला हातानें उचलविण्यास बंदी करणारा कायदा १९९३ सालीं झाला, अधिक व्यापक कायदा २०१३ सालीं आला. गटारांत उतरून मेलेल्या कामगारांच्या वारसांस दहा लाख रुपये द्यावेत असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें. २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ मृत्यु थांबले नव्हते. पाटी गेली, पण खोल टाकींत व चेंबरांत माणूस उतरविणें गेलें नाहीं.

आतां पुन्हां नव्या झाकणाकडे येऊं. जपानांत १९८० सालीं 'टोटो' कंपनीनें पाण्यानें अंग धुणारी विजेची बैठक विक्रीस आणली व शौचकूपांत वीज शिरली; आपोआप उघडणारें झाकण हें त्याच वाटेवरील पुढचें पाऊल. त्याच्या आरोग्यगुणांविषयीं मात्र अतिशयोक्ति नको. २०२२ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनीं हिरव्या लेझरच्या प्रकाशांत दाखविलें कीं, झाकणाविना पाणी सोडल्यास सूक्ष्म तुषार आठ सेकंदांत दीड मीटर उंच जातात. उलट २०२४ सालीं अॅरिझोना विद्यापीठाच्या प्रयोगांत असें आढळलें कीं, झाकण मिटल्यानें विषाणूंच्या फैलावांत फारसा फरक पडत नाहीं. भांडें जंतुनाशकानें घांसणें अधिक उपयोगी. सांधे धरलेल्या वृद्धांस व वांकतां न येणाऱ्या रुग्णांस मात्र या झाकणाचें सुख निःसंशय आहे, आणि तेवढ्यासाठींही तें बसवावें.

परंतु बसवितांना घरधन्यानें एक चौकशी अवश्य करावी. आपल्या नळीचें दुसरें टोंक कोठें जातें? भांडेवाडीच्या केंद्रांत शुद्ध झालेलें शहराचें सांडपाणी आज कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविलें जातें; म्हणजे ज्या मैल्यास आम्ही हात लावूं इच्छीत नाहीं, त्याच्याच पाण्याचा हातभार झाकण उघडणाऱ्या विजेस लागतो. जेथें घरची नळी टाकींत जाते, तेथें ती टाकी यंत्रानेंच उपसली जाईल, चार पैसे वाचविण्यासाठीं कोणास आंत उतरविलें जाणार नाहीं, हें पाहणें त्या घरानेंच केलें पाहिजे. वरच्या टोंकास आमचा हात वाचला आणि खालच्या टोंकास दुसऱ्याचा जीव गेला, तर पाटीच्या दिवसांपासून आम्ही फारसे पुढें आलों नाहीं असेंच म्हणावें लागेल.