एकवाक्यता : एका शब्दाची कुळकथा

‘तज्ज्ञांमध्ये याबाबत एकवाक्यता नाही’, ‘साक्षीदारांच्या जबान्यांत एकवाक्यता आढळते’ अशी वाक्ये मराठी वर्तमानपत्रांत आणि निकालपत्रांत नित्य येतात, आणि ‘मतैक्य’ किंवा ‘मेळ’ एवढाच या शब्दाचा अर्थ वाचक घेतो. पण ‘एकवाक्यता’ हा शब्द मुळात माणसांच्या सहमतीविषयीचा नाही. वेदांतील वचने एकमेकांच्या किंवा अनुभवाच्या विरुद्ध जातात, असा आक्षेप आल्यावर त्याला उत्तर देण्यासाठी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र रचणाऱ्या पंडितांनी, जी तंत्रे सिद्ध केली, त्यांपैकी सर्वांत महत्त्वाच्या तंत्राचे हे नाव आहे. त्यामुळे या शब्दाची कुळकथा ही श्रद्धावान आणि संशयवादी यांच्यात अनेक शतके चाललेल्या वादाचीच कथा आहे.

या वादातील सर्वांत जुना नावानिशी नोंदलेला आक्षेपक कौत्स हा होय. यास्काचार्यांनी ‘निरुक्त’ या ग्रंथात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिशास्त्रात, त्याचे मत सविस्तर मांडले आहे. मंत्रांना अर्थच नाही, असे कौत्साचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्याने दिलेल्या कारणांत परस्परविरोध हे एक ठळक कारण होते. एका मंत्रात रुद्र एकच आहे, दुसरा कोणी नाही, असे म्हटले आहे, तर दुसऱ्या मंत्रात पृथ्वीवर असंख्य सहस्र रुद्र आहेत असे सांगितले आहे. एके ठिकाणी इंद्र जन्मतःच शत्रुरहित आहे, तर दुसऱ्या ठिकाणी त्याने शंभर सेना एकाच वेळी जिंकल्या आहेत. ज्याला शत्रूच नाही त्याने सेना कोणाच्या जिंकल्या, हा प्रश्न आजच्या वाचकालाही सहज पडेल. यास्काने त्याला उत्तर दिले ते चमत्काराचा आधार घेऊन नव्हे, तर रोजच्या बोलण्याचा दाखला देऊन : लोकव्यवहारातही एखाद्या राजाला ‘शत्रुरहित’ म्हणतात, तेव्हा त्याला एकही शत्रू नाही असे कोणी समजत नाही; तो गौरवाचा शब्द असतो आणि ऐकणाराही तो तसाच घेतो. वचनाचा शब्दशः अर्थ आणि त्याचा हेतू यांत भेद करावा, ही पुढच्या सर्व विवेचनाची बीजकल्पना या उत्तरात आहे.

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शन या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथात, हाच आक्षेप अधिक काटेकोरपणे आला आहे. अनृत म्हणजे असत्य, व्याघात म्हणजे परस्परविरोध आणि पुनरुक्ती हे तीन दोष वेदांत असल्यामुळे ते प्रमाण मानता येत नाहीत, असा तेथे पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेला प्रतिपक्ष, केला आहे. पुत्रकामेष्टी करूनही पुत्र होत नाही, हे असत्याचे उदाहरण. व्याघाताचे उदाहरण अग्निहोत्राचे, म्हणजे सकाळ-संध्याकाळ अग्नीत प्रायः दुधाची आहुती देण्याच्या नित्यकर्माचे आहे. सकाळची आहुती सूर्य उगवल्यावर द्यावी असे एक वचन, उगवण्यापूर्वी द्यावी असे दुसरे, आणि दोहोंच्या मधल्या वेळी द्यावी असे तिसरे. शिवाय या प्रत्येक वेळेची निंदा करणारी वचनेही आहेत, ज्यांत उशिराची आहुती श्याव नावाचा कुत्रा खातो आणि लवकरची शबल नावाचा कुत्रा खातो, असे सांगितले आहे. प्रत्येक वेळ विहितही आहे आणि निंद्यही आहे, मग यजमानाने आहुती द्यावी तरी केव्हा?

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याचा उलगडा असा केला की, निंदा त्या वेळेची नसून वेळ बदलणाऱ्याची आहे. ज्याने सूर्योदयानंतर होम करण्याचा नियम स्वीकारला त्याने तो मोडून आधी होम केला तर तो दोषी, आणि उलट नियम स्वीकारणाऱ्यालाही तेच लागू. मनुस्मृतीनेही हेच उदाहरण घेऊन, दोन श्रुतिवचने, म्हणजे वेदवचने, परस्परविरुद्ध असतील तेथे दोन्ही धर्मच होत, असा निर्णय दिला. वेदांचे प्रामाण्यच नाकारणाऱ्या चार्वाकांनी मात्र हे समाधान मानले नाही. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकमत सांगताना वेदांवर याच तीन दोषांचा ठपका ठेवलेला दिसतो. आधुनिक इतिहासदृष्टीचा अभ्यासक आणखी वेगळे उत्तर देतो. ऋग्वेदाच्याच दोन ब्राह्मणग्रंथांपैकी ऐतरेय सूर्योदयानंतरच्या होमाचा पुरस्कार करतो, तर कौषीतकी सूर्योदयापूर्वीच्या होमाचा. अर्थात या दोन भिन्न परंपरा होत्या, आणि निंदेची वचने म्हणजे एका परंपरेने दुसरीवर केलेली टीका होय. एकाच विरोधाची ही तीन उत्तरे तीन वेगवेगळ्या गृहीतांतून येतात : वेद निर्दोष आहे, वेद सदोष आहे, आणि वेद अनेकांनी अनेक काळांत रचला आहे.

यांपैकी पहिले गृहीत पूर्ण गांभीर्याने घेऊन त्यावर पद्धतशीर शास्त्र उभारले ते जैमिनींनी. त्यांची मीमांसासूत्रे बारा अध्यायांत विभागलेली असून शबरस्वामींचे भाष्य आणि त्यावरील कुमारिलभट्टांची वार्तिके हे त्या परंपरेचे मुख्य आधार आहेत. वाक्य एक केव्हा म्हणावे, याची जैमिनींनी केलेली व्याख्या दोन अटींची आहे : शब्दसमूहाचे प्रयोजन एक असले पाहिजे, आणि तो तोडला तर तुटलेल्या भागांत आकांक्षा, म्हणजे अपुरेपणामुळे निर्माण होणारी अपेक्षा, उरली पाहिजे. ‘दार’ एवढेच म्हटले तर ऐकणारा ‘दाराचे काय?’ असे विचारतो आणि ‘लाव’ एवढेच म्हटले तर ‘काय लावू?’ असे विचारतो. दोन्ही शब्द एकमेकांना हवे असतात, म्हणून ‘दार लाव’ हे एक वाक्य. हीच कसोटी मीमांसकांनी शब्दांवरून परिच्छेदांवर आणि परिच्छेदांवरून प्रकरणांवर नेली, आणि दूरदूरची वचने एका प्रयोजनाने बांधली जाण्याच्या या गुणाला ‘एकवाक्यता’ हे नाव मिळाले. उलट, एकाच वाक्यातून दोन स्वतंत्र आज्ञा काढणे हा ‘वाक्यभेद’ नावाचा दोष ठरला, आणि एकवाक्यता शक्य असेल तेथे वाक्यभेद मानू नये, हा व्याख्येचा नियम झाला.

या तंत्राचा पहिला मोठा उपयोग झाला तो वेदांतील वर्णनपर वचनांसाठी. वेदाचे प्रयोजन कर्माचा आदेश देणे हे असेल, तर ज्यांत आदेश नाही अशी वाक्ये निरर्थक ठरतात, आणि त्यांतील कित्येक तर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्या विरुद्ध जातात, असा पूर्वपक्ष जैमिनींनी स्वतःच मांडला आहे. दिवसा अग्नीचा केवळ धूर दिसतो, ज्वाळा दिसत नाही, हे वचन त्यांपैकी एक. चुलीपुढे बसलेल्या कोणालाही ते खोटे वाटेल. सिद्धांत असा की, अशी वाक्ये स्वतंत्र नसून जवळच्या विधीशी, म्हणजे आज्ञार्थी वचनाशी, एकवाक्य होतात आणि त्याची स्तुती करतात. त्यांना ‘अर्थवाद’ म्हणावे. ऐश्वर्य इच्छिणाऱ्याने वायुदेवतेला श्वेत पशू अर्पण करावा हा विधी, आणि वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे हा त्याचा अर्थवाद. देवता वेगवान असल्याने फळही लवकर मिळेल, असे सांगून तो कर्त्याला प्रवृत्त करतो. रुद्र रडला, त्याच्या अश्रूंची चांदी झाली, ही कथाही चांदी दक्षिणेत देऊ नये या निषेधाला जोडली गेली. धुराच्या वचनाबाबत तर जैमिनींनी अनुभवाचाच आधार घेतला : फार दूरवरून पाहताना दिवसा धूरच दिसतो, ज्वाळा दिसत नाही. श्रद्धेच्या रक्षणासाठी केलेल्या या मांडणीत एक मोठी कबुलीही आहे. पवित्र ग्रंथातील प्रत्येक वाक्य वस्तुस्थितीचे कथन करत नाही, त्यातील पुष्कळसा भाग स्तुती किंवा निंदा असतो, हे येथे वेदनिष्ठांनीच मान्य केले.

जेथे एकवाक्यता साधत नाही तेथे काय करावे, याचाही विचार या शास्त्राने केला. अतिरात्र नावाच्या सोमयागात षोडशी नावाचे सोमपात्र घ्यावे असे एक वचन आहे आणि घेऊ नये असे दुसरे. दोन्ही तुल्यबल असल्याने तेथे ‘विकल्प’ मानावा लागतो. पण विकल्पात आठ दोष सांगितले आहेत. यज्ञातील पुरोडाशासाठी, म्हणजे अर्पण करायच्या पिठाच्या पोळीसाठी, तांदूळ किंवा यव (जव) घ्यावेत असा विकल्प असता, आज तांदूळ घेणारा यवांच्या वचनाचे मानलेले प्रामाण्य सोडतो आणि नसलेले अप्रामाण्य पत्करतो, व उद्या यव घेताना सोडलेले पुन्हा स्वीकारतो आणि पत्करलेले पुन्हा सोडतो. असे चार दोष एका वचनाचे आणि चार दुसऱ्याचे. म्हणून विकल्प हा अगदी अखेरचा उपाय ठरला.

श्रुती, म्हणजे वेद, आणि स्मृती, म्हणजे वेदांवर आधारलेली मानलेली धर्मवचने, यांच्यात विरोध आल्यास स्मृती सोडावी, असा आणखी एक नियम आहे, आणि त्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. सोमयागाच्या मंडपात उंबराचा खांब असतो, त्याला औदुंबरी म्हणतात. त्याला स्पर्श करून सामगान करावे ही श्रुती, आणि तो खांब सगळाच्या सगळा वस्त्राने वेढावा ही स्मृती. सगळा खांब झाकला तर स्पर्श कशाला करणार? शबरस्वामींनी येथे स्मृती नाकारली आणि वस्त्राच्या लोभाने कोणीतरी हा प्रघात पाडला असावा, असे स्पष्ट लिहिले. धर्मवचनामागे स्वार्थ शोधण्याची जी दृष्टी संशयवाद्यांची मानली जाते, ती श्रद्धावान भाष्यकारानेही वापरली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वेदांताने हे तंत्र उपनिषदांना लावले आणि ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाला ‘समन्वय’, तर दुसऱ्याला ‘अविरोध’ हे नाव मिळाले. मराठीतला ‘समन्वय’ हा शब्द या परंपरेचे नाव आजही वागवतो. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम-उपसंहार (आरंभ आणि शेवट), अभ्यास (पुनःपुन्हा उल्लेख), अपूर्वता (नवेपणा), फल, अर्थवाद आणि उपपत्ती (युक्तिवाद) ही सहा लिंगे, म्हणजे खुणा, सांगितली गेली. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आरंभीच ही मीमांसकांची कसोटी पुढे ठेवली आणि तिच्या आधारे गीतेचे तात्पर्य कर्मयोग हे ठरवले. शंकराचार्यांनी त्याच गीतेत ज्ञानपर संन्यास पाहिला होता. यावरून एवढे दिसते की, खुणा समान असल्या तरी निष्कर्ष समान येतोच असे नाही.

महाराष्ट्राशी या शास्त्राचे नाते जुने आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात दोन्ही मीमांसा, म्हणजे जैमिनींची पूर्वमीमांसा आणि वेदांताची उत्तरमीमांसा, गणेशाच्या कानांच्या ठिकाणी कल्पिल्या आहेत. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यात मीमांसेचे अध्ययन पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्याच घराण्यातील कमलाकरभट्टांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधू’ पूर्ण केला आणि नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई आणि गुजरातकडील न्यायालयांत प्रमाण मानला गेला. पंचांगांत आणि दिनदर्शिकांत कधीकधी लागोपाठच्या दोन दिवशी ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ छापलेली असते, तीही याच विचारपद्धतीची खूण आहे. सूर्योदयापूर्वीच्या चार घटिकांत, म्हणजे 96 मिनिटांत, दशमी शिल्लक असेल तर भागवत संप्रदायी तो दिवस सोडतात. स्मार्त, म्हणजे स्मृतींना अनुसरणारे, केवळ सूर्योदयाच्या वेळची तिथी पाहतात. वचने दोन असली तरी ती पाळणारे वेगळे असल्यामुळे विरोध उरत नाही, याला ‘व्यवस्थित विकल्प’ म्हणतात.

वचन आज्ञार्थी आहे की नाही, हा मीमांसेतला प्रश्न न्यायालयातही पोहोचला. एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये, कारण तो पूर्वजांचा वंश चालवतो, या वसिष्ठवचनात सक्तीचा निषेध आहे की उपदेश, यावर हायकोर्टांचे निर्णय भिन्न होते. 1899 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो उपदेश मानून असे दत्तक वैध ठरवले.

संशयवाद्यांची परंपराही महाराष्ट्रात तितकीच ठाम आहे. महात्मा फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त ब्रह्मदेवाच्या अवयवांपासून वर्ण निर्माण झाल्याच्या कथेला शब्दशः घेऊन सरळ प्रश्न विचारले, तेथे अर्थवादाची पळवाट ठेवली नाही, कारण त्या कथेचे सामाजिक परिणाम शब्दशःच भोगावे लागत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वेदांच्या उत्पत्तीविषयी शास्त्रांनीच दिलेली परस्परभिन्न स्पष्टीकरणे एकापुढे एक मांडली; त्यांचे हे लेखन 1987 मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. त्याआधी 1936 मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या निबंधात त्यांनी आणखी मूलगामी मुद्दा मांडला होता : शास्त्राचा खरा अर्थ वेगळा आहे असे सांगत राहण्याने जात जाणार नाही, शास्त्राच्या प्रामाण्यावरील श्रद्धाच नाहीशी झाली पाहिजे. हा आक्षेप एखाद्या विसंगत वचनावर नाही. एकवाक्यता साधण्याच्या उद्योगाच्या मुळाशी असलेल्या गृहीतावरच तो आहे, आणि म्हणून मीमांसेच्या चौकटीत त्याचे उत्तर देता येत नाही.

विसाव्या शतकात वाईच्या केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ सिद्ध करून या शास्त्राची परिभाषा एकत्र केली, तोवर ‘एकवाक्यता’ हा शब्द यज्ञमंडपातून निघून सर्वसामान्य मराठीत रुळला होता. वाक्यांचा गुण माणसांचा झाला, आणि त्या प्रवासात त्याचा एक महत्त्वाचा अंश गळून पडला. मूळ शास्त्रात निर्णयाचा विचार ‘अधिकरण’ या पाच अंगांच्या रचनेत होतो : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती. त्यात संशय दुसऱ्या स्थानी आहे आणि प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्णपणे मांडल्याशिवाय उत्तराला जागाच नाही. कौत्साचा आक्षेप आज उपलब्ध आहे तो त्याच्या स्वतःच्या ग्रंथामुळे नव्हे, तर त्याचे खंडन करणाऱ्या यास्काने तो प्रामाणिकपणे नोंदवला म्हणून. मतभेद दडपून मिळवलेल्या एकमताला एकवाक्यता म्हणणे हा या शब्दावर अन्याय आहे. संशय ऐकून घेतल्यानंतर जी उरते, तीच एकवाक्यता.